नव्व्याण्णव बकरी कुणाकडं ठेवली?

उन्हाळ्यात हातकणंगले तालुक्यात चुलतभावाच्या रानात बकरी बसवली होती. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा आत्ताच करून टाकतो: इकडे धनगराची बकरी म्हणजे मेंढरं. ऊस गेला, खोडवा मोडला, रान मोकळं झालं की खांडवा, म्हणजे मेंढरांचा कळप, दोन-चार रात्री रानात बसवायचा. जमिनीला लेंडीखत मिळतं, धनगराला दाणे किंवा पैसे. संध्याकाळी वाघर (मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण) लावून झाली होती, चुलीवर आमटी होती, आणि शेजारच्या गावातला चाळिशीचा एक माणूस मोटारसायकल बांधावर लावून आला. "मी ख्रिस्ती आहे. आमच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगायची हाय, ऐकणार काय?" म्हाताऱ्या धनगरानं घोंगडं सारून जागा केली. "बस की. सांग."

त्याच्या हातात पुस्तक नव्हतं, कागद नव्हता. दोन-तीन मिनिटांची गोष्ट. एकाची शंभर बकरी होती, एक हरवलं. त्यानं नव्व्याण्णव रानात सोडली आणि त्या एकामागं गेला. सापडल्यावर खांद्यावर घेऊन घरी आला, शेजारीपाजारी बोलावले, म्हणाला, माझं हरवलेलं सापडलं, माझ्याबरोबर आनंद करा.

म्हातारा जरा थांबून म्हणाला, "आणि नव्व्याण्णव कुणाकडं ठेवली?"

सांगणारा म्हणाला, "तसं काय सांगितलेलं न्हाई."

"मग ह्यो कसला धनगर? लांडगं पडलं असतं की मागं."

सगळे हसले, तोही हसला. मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटलं. 'भावाकडं ठेवली होती' एवढे तीन शब्द टाकले असते तर प्रश्न तिथंच मिटला असता. त्याला ते सुचलं नसेल असं नाही. त्यानं ते टाकले नाहीत. का टाकले नाहीत, हे समजून घेता घेता एका मोठ्या विषयात शिरलो. गावोगावी, वस्त्यांवर, ऊसतोड मजुरांच्या खोपींत बायबलमधल्या गोष्टी तोंडी सांगणाऱ्यांबद्दल व्हॉट्सअॅपवर बरंच काही फिरत असतं. त्यात तापलेले शब्द भरपूर, माहिती जवळपास शून्य. म्हणून हा लेख.

पुस्तक असताना तोंडी कशाला?

या कामातला मुख्य शब्द आहे 'मौखिकता'. मौखिक समाज म्हणजे ज्याचं महत्त्वाचं ज्ञान कागदावर नसतं, तोंडात आणि कानात असतं. आपल्याला हे परकं नाही. जोतिबाच्या डोंगराची कथा, बाळूमामांच्या आठवणी, घरातला कुळाचार यांतलं किती आपण वाचून शिकलो? आजीनं सांगितलं, गुरवानं सांगितलं, गोंधळ्यानं गायलं.

मग आक्षेप येतो की आता सगळे शिकले आहेत. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता ८० टक्क्यांच्या वर होती. पण जनगणनेच्या लेखी साक्षर म्हणजे सात वर्षांवरचा, कुठल्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकणारा माणूस. त्याला छापील पुस्तकाची दोन पानं सलग वाचवतात का, हे ती मोजत नाही. बसची पाटी, रेशनकार्ड, मोबाइलचा रिचार्ज इथपर्यंत साक्षर असलेली आणि त्यापुढे सगळं ऐकून घेणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. शिकलेल्यांतही आहेत. माझे एक निवृत्त मास्तर मित्र ज्ञानेश्वरी वाचत नाहीत, निरूपण ऐकतात.

दुसरं कारण भाषेचं. जगात भाषा सात हजारांच्या आसपास आणि पूर्ण बायबल छापलं गेलंय ते सातशेहून थोड्या जास्त भाषांत. मराठीत बायबल आहे, उत्तम आहे, एकाहून अधिक आहेत. पण ऊसतोडीला आलेल्या बंजारा कुटुंबाची घरातली भाषा मराठी नसते, गोरमाटी असते. कैकाडी, वडार, पारधी यांच्या घरात वेगळ्या बोली चालतात. चंदगडच्या माणसाची मराठी कोकणीकडं झुकते, सीमेवरच्या गावात चुलीपाशी कानडी असते. यांतल्या बऱ्याच बोलींना लिहिण्याची सवयच नाही. तिथं पुस्तक छापून ते वाचणार कोण?

म्हणजे नेमकं करतात काय?

ढोबळ पद्धत अशी. ऐकणाऱ्यांचा विचार करून बायबलमधल्या काही गोष्टी निवडायच्या: कधी पाच-सात, कधी पन्नास. बहुतेक वेळा त्या काळाच्या क्रमानं लावायच्या. जग कसं निर्माण झालं इथून सुरुवात आणि येशूचं मरण-पुनरुत्थान इथं शेवट. एका बैठकीला एक गोष्ट. आधी गोष्ट सांगायची, मग ऐकणाऱ्यांकडूनच ती परत वदवून घ्यायची, मग प्रश्न विचारायचे: काय आवडलं, काय कळलं नाही, यात देवाबद्दल काय कळतं, माणसाबद्दल काय कळतं.

नारदीय कीर्तनाशी तुलना केली तर फरक पटकन दिसतो. कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत येतो, उत्तररंगात आख्यान. बुवा आधी तत्त्व सांगतात, मग ते गोष्टीतून दाखवतात. इथं उलटं आहे. आधी आख्यान, आणि सिद्धांत ऐकणाऱ्याच्या तोंडून निघावा अशी अपेक्षा. तो निघेलच याची खात्री नाही. आमच्या रानात जो सिद्धांत निघाला तो 'ह्यो कसला धनगर' हा होता.

एक नियम मात्र कडक आहे. गोष्ट वेगळी, चर्चा वेगळी. गोष्ट सांगताना स्वतःचं मत, उपदेश, भर काही घालायची नाही. धनगरी ओव्या ऐकल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. पट्टणकोडोलीच्या यात्रेत बिरोबाच्या ओव्या म्हणतात तेव्हा गायचा भाग वेगळा असतो आणि नंतर तेच गद्यात उलगडून सांगायचा भाग वेगळा. गद्यात सांगणारा मोकळा असतो, ओवीत नसतो. आमच्या पाहुण्यानं 'भावाकडं ठेवली' हे म्हटलं नाही, कारण लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एक) भाऊ नाही. तिथं तो नव्व्याण्णव रानात सोडूनच जातो. तो शांतपणे 'न्हाई सांगितलेलं' म्हणाला, ते नियमानं.

ही अमेरिकेतून आलेली नवी टूम आहे का?

अर्धी. आजची शिस्तबद्ध पद्धत बाहेरून आली हे खरं. न्यू ट्राइब्स मिशन या मिशनरी संस्थेचे ट्रेव्हर मॅकिलवेन फिलिपिन्समधल्या पालावान बेटावर काम करत होते. तिथले लोक ख्रिस्ती झाले होते, प्रार्थनेला येत होते, पण येशू कोण आणि त्याच्या आधी काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता. मॅकिलवेन यांनी 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून क्रमानं गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि पुढं ती क्रमवार पद्धत इतरांनी उचलली. त्याच्याही आधी, १९३९ साली जॉय रिडरहॉफ या बाईंनी लॉस एंजेलिसमध्ये ग्रामोफोन तबकड्यांचं काम सुरू केलं. होंडुरासमधून त्या आजारी पडून परत आल्या होत्या. तिकडच्या लोकांपर्यंत आपण नाही तर निदान आवाज तरी जावा म्हणून त्यांनी स्पॅनिशमध्ये तबकडी केली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेनं पुढं हजारो बोलींत छोटे संदेश ध्वनिमुद्रित केले. त्यांचं एक यंत्र मला फार आवडतं: घडी घातलेला पुठ्ठा, त्यावर सुई, आणि तबकडी हातानं फिरवायची. वीज नाही, बॅटरी नाही, पुठ्ठ्याचा ग्रामोफोन. आज त्याची जागा मेमरी कार्डानं घेतली आहे.

उरलेली अर्धी गोष्ट मात्र आपल्याच मातीतली आहे आणि ती चारशे वर्षं जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, साष्टीत राहिले, भाषा शिकले. तिथं एकानं त्यांना विचारलं की तुम्ही आमची पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरं काही का देत नाही? या प्रश्नातून 'ख्रिस्तपुराण' आलं. जवळपास ११,००० ओव्या, मराठीत, अधूनमधून कोकणी मिसळलेली. १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलं. पण ते वाचण्यासाठी नव्हतं, मोठ्यानं म्हणण्यासाठी होतं. रविवारी, सणावारी देवळात (चर्चला तिकडं देऊळच म्हणत) लोक बसत आणि एकजण ओव्या म्हणे. स्टीफन्सनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. आज कुणी तसं केलं तर दोन्ही बाजूंचे लोक भडकतील.

मग सगळं पुस्तकी कधी झालं? छापखाना आणि शाळा आल्यावर. विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं बंगालात सेरामपूरला बसून १८११ साली मराठी नवा करार छापला. १८१३ला अमेरिकन मिशनरी मुंबईत पोचले. १८५२ साली रॉयल गूल्ड वाइल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आपल्याकडं आहे, त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्या कित्येकांना वाइल्डर कोण हे माहीत नसतं. त्यांनी शाळांवर भर दिला. त्याच काळात त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचे, अमेरिकन बोर्डाचे, सचिव रूफस अँडरसन भारतात येऊन सांगून गेले की शाळांत फार अडकू नका, लोकभाषेत तोंडी प्रचार करा. वाइल्डरना हे मान्य नव्हतं. वाद इतका वाढला की ते बोर्डापासून वेगळे झाले, काही वर्षं स्वतंत्रपणे राहिले आणि पुढं प्रेस्बिटेरियन मंडळाशी जोडले गेले. म्हणजे 'शिकवायचं की सांगायचं' हे भांडण कोल्हापूरच्या मिशनच्या पाळण्यातलं आहे. माझ्या मते वाइल्डर बरोबर होते. शाळेनं जे दिलं ते गोष्टीनं मिळालं नसतं. पण अँडरसनचा मुद्दाही पोकळ नव्हता.

नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या दोन्हींच्या पलीकडची वाट धरली. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि विलायती चालींच्या गाण्यांत मराठी माणसाचा जीव रमत नाही हे त्यांनी ओळखलं. अभंग, भजन, कीर्तन यांतून ख्रिस्त सांगायचा. टाळ-मृदंगावर. १९१९ला ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अपुरं होतं; ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं घालवली ती बायबल साध्या मराठीत आणण्यात, खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळावं म्हणून. १९२२ला त्या वारल्या, पुस्तक १९२४ला निघालं.

गोष्ट तयार होते कशी?

लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग हा. जरा रेंगाळतो.

समजा हीच हरवलेल्या मेंढराची गोष्ट धनगरी बोलीत तयार करायची आहे. पहिली पायरी: त्या बोलीचा माणूस हवा. बाहेरच्यानं शिकून सांगितलेली भाषा ऐकणाऱ्याला लगेच कळते. त्याला गोष्ट प्रमाण मराठीत अनेकदा ऐकवतात, लिहून घेऊ देत नाहीत. तो ती हातवारे करून, चित्रं काढून, तिघाचौघांत नाटकासारखी करून अंगात भिनवतो. मग आपल्या बोलीत सांगतो आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड होतं.

आता अडचणी सुरू. मराठी बायबलमध्ये 'मेंढरू' आहे. आमच्याकडचा धनगर 'बकरं' म्हणतो. आदमापूरला जाणारा कुणीही 'बाळूमामांची बकरी' म्हणतो, मेंढरं म्हणत नाही. मग 'शंभर बकरी' म्हटलं, छान झालं. पण पुढं मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचं चित्र आहे: मेंढपाळ मेंढरं उजवीकडं करतो आणि शेरडं डावीकडं. पुण्याहून आलेला तपासनीस 'बकरी उजवीकडं' ऐकून घाबरतो, कारण त्याच्या कानाला बकरी म्हणजे शेळी. सगळंच उलटं! त्याला समजावून सांगावं लागतं की इथं शेळीला शेरडू म्हणतात, बकरं म्हटलं की लोकरवालंच. एका शब्दावर अर्धा दिवस जाऊ शकतो.

'पवित्र आत्मा' हा त्याहून अवघड. खेड्यात 'आत्मा' म्हटल्यावर पहिलं काय आठवतं? मेल्यावर भटकणारा. 'अमक्याचा आत्मा अजून फिरतोय' असं आपण म्हणतो. 'पवित्र' जोडल्यानं तो लगेच परमेश्वर होत नाही. 'तारण' (म्हणजे पापातून सुटका) म्हटलं तर सोसायटीचं कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला कर्जाचं तारण आठवतं: सोनं तारण, जमीन तारण. हे विनोदी वाटेल, पण ऐकणाऱ्यानं तोच अर्थ घेतला तर गोष्ट वेगळ्याच गावाला जाते.

रेकॉर्डिंग झालं की तपासणी. ज्यानं ही गोष्ट कधी ऐकली नाही अशा त्याच बोलीच्या माणसाला ती ऐकवतात आणि म्हणतात, आता तू सांग. त्याच्या सांगण्यात काय गळलं, काय वाढलं, ते पाहतात. मग मूळ गोष्ट न ऐकलेला तिसरा माणूस ते रेकॉर्डिंग ऐकून वाक्यावाक्यानं मराठीत उलटं आणतो. याला उलट भाषांतर म्हणतात. हे मराठी आणि बायबलचा मजकूर शेजारी ठेवून जाणकार तपासतो. चूक निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी असते ना, तसंच काहीसं, फक्त इथं उलटतपासणी भाषेची होते.

'ओपन बायबल स्टोरीज' नावाचा पन्नास चित्रगोष्टींचा एक संच इंटरनेटवर मोफत आहे. कुणीही आपल्या भाषेत करावा, वाटावा, अशी त्याची मुभा आहे. या पद्धतीचे बरेच गट तिथून सुरुवात करतात.

एका उधळ्या पोराची सरकारी सफर

इथं थोडं विषयांतर, पण सोडवत नाही. मेंढराच्या गोष्टीनंतर लूकच्या त्याच अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट येते. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो. आमच्या भागात ही गोष्ट सांगायला लागलं की पाच मिनिटं गोष्ट थांबते, कारण प्रत्येकाला आपल्या भावकीतला एक सातबारा आठवतो. मुलगा पैसा उडवतो, डुकरं राखायची वेळ येते, परत येतो. बाप धावत जाऊन मिठी मारतो, मेजवानी करतो, आणि घरी राबलेला थोरला रुसतो. कोल्हापुरी माणूस इथं नेहमी थोरल्याच्या बाजूनं असतो, असं मी पाहिलंय.

भारतातल्या भाषांची पहिली मोठी पाहणी ब्रिटिश सरकारच्या जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्यांनी १८९४ ते १९२८ या काळात केली. प्रत्येक बोलीचा नमुना घ्यायला त्यांना एकच मजकूर हवा होता, जो सगळ्या बोलींत करून घेता येईल. त्यांनी उधळ्या पुत्राची गोष्ट निवडली. कारण भक्तीचं नव्हतं, व्याकरणाचं होतं. या छोट्या गोष्टीत मी-तू-तो तिन्ही सर्वनामं, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि वर्तमान, भूत, भविष्य तिन्ही काळ येतात. भारतीय मन दुखावू नये म्हणून शब्दांत थोडे बदल करायलाही त्यांनी मुभा ठेवली. या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, आणि त्यात मराठीच्या बोली शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. पुढं यांतल्या अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही निघाल्या.

म्हणजे आज मराठीच्या बोली शंभर वर्षांपूर्वी कशा होत्या हे शोधायचं तर अभ्यासकाला या उधळ्या पोराच्या मागं जावं लागतं. ग्रिअर्सनना शब्द बदलायची मोकळीक होती, आमच्या पाहुण्याला नाही. मूळ गोष्टीत बाप मेजवानीसाठी पोसलेलं वासरू कापतो. आमच्या भागात बैल-वासराशी असलेलं नातं वेगळं आहे. वासरू तसंच ठेवायचं तर ऐकणारा तिथंच अडकतो, काढायचं तर नियम मोडतो. यावर मी चार जणांकडून चार उत्तरं ऐकली. एकजण म्हणाला, "मी ती गोष्ट पहिल्या बैठकीत सांगतच नाही."

तोंडी म्हणजे बदलणारच ना?

बदलते. पण सगळं सारखं बदलत नाही.

एका टोकाला वेदपाठी. जटापाठात दोन शब्द सरळ, उलटे, पुन्हा सरळ म्हणायचे. घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा. ही पाठांतराची शिक्षा नसून चूक पकडायची यंत्रणा आहे. त्यामुळे कागद नसताना मजकूर अक्षरशः टिकला. दुसऱ्या टोकाला शाहीर. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या पोवाडेवाल्यांसारख्या गायकांची रेकॉर्डिंगं केली. गायक शपथेवर सांगायचे की आम्ही शब्दन् शब्द तेच गातो. रेकॉर्डिंगात दर वेळी वेगळं यायचं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यासाठी 'तेच' म्हणजे तीच कथा, तेच प्रसंग, तेच ठरलेले तुकडे.

तिसरा प्रकार आपण सामान्य माणसं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली मांडलेल्या प्रयोगात इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताची कथा देऊन पुन्हा पुन्हा आठवायला लावली. अनोळखी गोष्टी गळाल्या किंवा ओळखीच्या झाल्या. कनू या अरुंद होडीची बोट झाली, सील या समुद्री प्राण्याच्या शिकारीची मासेमारी झाली. आपण ऐकलेलं आपल्या घरात बसवतो.

बायबलच्या गोष्टी सांगणारे या तिन्हींच्या मध्ये कुठंतरी उभे राहायचा प्रयत्न करतात. शब्द शाहिरासारखे मोकळे, घटना वेदपाठ्यासारख्या बांधलेल्या. आणि एकच माणूस नसतो, ऐकणारा सगळा गट असतो. कुणी चुकलं की दुसरा म्हणतो, 'न्हाई, दोन दिवस न्हाई, तीन दिवस.' गावात भजनाला बसलेले लोक चुकीच्या ओळीला कसे पकडतात ते पाहिलं असेल, तसं. जिथं गट नाही, एकटा माणूस एकट्या माणसाला सांगतो, तिथं मला या पद्धतीवर फारसा भरवसा नाही.

गळतं ते वेगळंच. नव्या करारातली पौलाची पत्रं, नियमशास्त्राची लांबलचक कलमं, वंशावळी हे गोष्टीत बसत नाही. म्हणून बायबलचा मोठा भाग या मार्गानं पोचतच नाही. पन्नास गोष्टी कुणी निवडल्या, कोणत्या वगळल्या, यात सत्ता असते, आणि ती बहुधा ऐकणाऱ्याच्या हातात नसते. ही टीका बाहेरच्यांची नाही, ख्रिस्ती अभ्यासकांतच यावर वाद चालतो.

हे धर्मांतरासाठीच नाही का?

हेतू धर्मप्रसाराचा आहे. तो लपवून लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. बोली जपणं, साक्षरता, करमणूक हे सगळं सोबत येऊ शकतं, पण गाडी त्यासाठी काढलेली नाही.

कायद्यात काय आहे? संविधानाचं २५वं कलम धर्म पाळण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं; दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. त्याच निकालात जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिषानं होणारं धर्मांतर रोखणारे ओडिशा (१९६७) आणि मध्य प्रदेश (१९६८) यांचे कायदे वैध ठरले. म्हणजे गोष्ट सांगणं एका बाजूला, आणि 'आलास तर पोराची फी भरतो' हे दुसऱ्या बाजूला. मध्ये धूसर पट्टा आहे आणि भांडणं तिथंच होतात. आजार बरा करण्याचा चमत्कारी दावा झाला तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो कुठल्या एका धर्माला लावायचा म्हणून केलेला नाही.

माझी स्वतःची चाचणी साधी आहे. सांगणारा आपण कोण आणि कशासाठी आलो हे आधी सांगतो का, आणि ऐकणारा 'नको' म्हणाला तर उठून जातो का? आमच्या रानातला माणूस पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा झाला. आजारी माणसाच्या उशाशी बसून, आईबापांच्या माघारी लहान मुलांना गोळा करून सांगणारे मला मान्य नाहीत, गोष्ट कितीही सुंदर असो. आणि 'गोष्ट ऐकली म्हणून धर्म बुडाला' म्हणणाऱ्यांनाही एकदा विचारावंसं वाटतं: रोज संध्याकाळी घराघरांत चालणाऱ्या मालिका ऐकून कोण काय झालं?

आकडेही पाहा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १ टक्क्याहूनही कमी होते, सुमारे १० लाख ८० हजार. वाइल्डर कोल्हापुरात येऊन तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं उलटली होती.

सकाळी

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी रानात गेलो. वाघर उचलायची तयारी चालली होती. म्हातारा नातवाला, सात-आठ वर्षांच्या पोराला, कालची गोष्ट सांगत होता. शंभर बकरी, एक हरवलं. "मग त्यानं काय केलं, थोरल्या भावाला सांगिटलं, ही नव्व्याण्णव बघ, कुत्री बांध, आणि ह्यो गेला हुडकाय."

मी म्हटलं, "मामा, काल तर भाऊ नव्हता."

"असणार की," तो म्हणाला. "त्याला सांगायला इसारला आसंल."

चार दिवसांनी तो मोटारसायकलवाला पुढची गोष्ट घेऊन आला, तेव्हा खांडवा वडगावच्या बाजूला सरकला होता. तोही तिकडं गेला. चुलतभाऊ बरोबर होता, त्यानं येऊन सांगितलं. गड्यानं आधी मागची गोष्ट उजळणीला घेतली. 'नव्व्याण्णव रानात सोडली' इथं आला तसं नातू मध्येच ओरडला, "भावाकडं!" सांगणारा म्हणाला, "न्हाई रं बाळा, रानात." पोरगं आज्याकडं बघायला लागलं. आज्यानं तंबाखू मळायची थांबवली आणि म्हणाला, "पुन्यांदा सांग बघू सगळी. पयल्यापासनं."